पी.पी. नंबर परत आलाय का?

कृष्णाकाठचा | मंगळवार, रात्री १०.४०

आज सकाळी ऑफिसात मीटिंग होती, फोन टेबलावर पालथा. साडेअकराला बाहेर येऊन बघतो तर आईचे अकरा मिस्ड कॉल. पोटात गोळाच आला. आई गावी एकटी असते, कऱ्हाडच्या जवळ, वय ७१. फोन लावला तर पलीकडून अगदी शांत आवाज. "काय न्हाई, गॅसवाला आलता. गेला."

सिलिंडर बुक केला की नोंदवलेल्या मोबाइलवर एक कोड येतो. तो डिलिव्हरीच्या माणसाला सांगायचा, मग तो सिलिंडर उतरवतो. नोंदवलेला मोबाइल माझा, पुण्यात. सिलिंडर गावात, आईच्या दारात. टेम्पोवाल्यानं दहा मिनिटं वाट पाहिली आणि पुढच्या वस्तीला गेला. आता तो पुढच्या सोमवारी येणार. आई म्हणाली, "कोड तुझ्याकडं, टाकी त्याच्याकडं, आन मी हितं मधी." दुपारचा स्वयंपाक शेजारच्या काकूंच्या चुलीवर झाला.

दुपारभर कामात लक्ष नव्हतं. बसल्या बसल्या मोजलं. गॅस, बँक, आधार, रेशन, पीएम किसान, वीजबिल, सातबाऱ्याचं लॉगिन, सगळं आईचं आणि नंबर सगळीकडे माझा. प्रत्येक वेळी 'सोय' म्हणून मीच दिलेला. आईकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यावर फक्त माझे आणि बहिणीचे कॉल येतात. सरकारदरबारी आईचा स्वतःचा असा फोनच नाही.

लहानपणी लग्नपत्रिकांवर नंबरापुढे कंसात 'पी.पी.' असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. आज मला वाटलं, मी आईचा पी.पी. नंबर झालोय. तुमच्या घरी ओटीपी कोणाच्या फोनवर येतात?

---

उंटावरचा_शहाणा | रात्री १०.५२

आईंना स्मार्टफोन घेऊन द्या. विषय संपला.

---

सेवाकेंद्र_ताई | रात्री ११.१५

शहाणे, विषय तिथं संपत नाही, तिथून सुरू होतो.

परभणी जिल्ह्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. बाजाराच्या दिवशी समोर पन्नास-साठ माणसं असतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, पासबुक आणि एका चिठ्ठीवर लिहिलेला मोबाइल नंबर. मी पहिला प्रश्न विचारते, "हा नंबर कोणाचा?" त्यावर जी उत्तरं येतात त्यांची एक वही होईल. "पोराचा, पण तो चाकणला कंपनीत." "लेकीचा होता, तिचं लगीन झालं, फोन बी गेला तिच्यासंगं." "ज्यानं कार्ड काढून दिलं त्याचाच टाकला म्हणं." "सिम होतं, रिचार्ज मारला नाही, बंद पडलं." हे शेवटचं सगळ्यात जास्त. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज ही शहरातल्या माणसाला न दिसणारी गोष्ट आहे. मजुरीच्या घरात तीन फोन असतात आणि रिचार्ज एकात.

लाडकी बहीणची ई-केवायसी निघाली तेव्हाचं सांगते. बाईच्या स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि वर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. एक बाई आली, वय पन्नासच्या आसपास. नवरा वारलेला, वडील त्याच्याही आधी. स्क्रीनवर रकाना तर भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती मला विचारते, "ताई, मेलेल्या मानसाचा ओटीपी कुठं येतो?" मी हसावं का काय करावं! पुढे अशा बायकांसाठी वेगळी सोय केली म्हणतात, पण त्या दिवशी ती बाई दीडशे रुपये रोज पाडून आलेली होती आणि तशीच परत गेली.

---

बूथवाला | रात्री ११.४८

पी.पी. नंबर वाचलं आणि राहवलं नाही. मी स्वतः तो पी.पी. होतो.

सोलापुरात १९९१ साली एसटीडीचा बूथ घेतला. पिवळी पाटी, काचेची केबिन, आत एक छोटा पंखा जो कधीच चालला नाही, आणि बाहेर माझ्या टेबलावर लाल आकड्यांचा मीटर. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा. त्यामुळे साडेदहापासून पायरीवर माणसं येऊन बसायची. मुंबईला मिलमध्ये कोणाचा भाऊ, भिवंडीला कोणाचा नवरा. केबिनमध्ये गेलेल्या माणसाची नजर बोलताना मीटरवर. अर्धं बोलणं आकडे पळायच्या धाकानं राहून जायचं.

आजूबाजूच्या तीसेक घरांनी माझा नंबर पी.पी. म्हणून दिलेला होता. फोन आला की पोराला पळवायचं, "अमुक चाळीत सांग, दहा मिनिटांनी परत लावणारेत." निरोपाचे दोन रुपये. जन्म, मयत, बदली, मुलगी पसंत पडली, नाही पडली, सगळं आधी मला कळायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा-लोहाऱ्याकडच्या माणसांचे नातेवाईक मुंबई-पुण्याहून माझ्या नंबरावर फोन करत होते. मी वहीत नावं लिहून घेत होतो, कोणी त्या बाजूनं आलं की विचारत होतो. त्या आठवड्यात अख्खी वही भरली. ती अजून आहे माझ्याकडे.

२००३ मध्ये मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं आणि बूथला घरघर लागली. त्याच केबिनमध्ये मी पुढे रिचार्जची कुपनं विकली, मग झेरॉक्स टाकलं.

धागाकर्त्याला एवढंच सांगतो. पी.पी. नंबर दहा पावलांवर असायचा. आणि मला सगळं कळतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्यामुळे माणसं केबिनमध्ये जपून बोलायची. तुमच्या आईंचा पी.पी. एकशे साठ किलोमीटरवर मीटिंगमध्ये बसलेला आहे, हा फरक.

---

टेबलखणातलं_सिम | पहाटे ५.३०

न्यू जर्सीहून लिहितेय. माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल.

टेबलाच्या खणात एक जुना फोन आहे, त्यात भारतातलं सिम. त्याला कोणी फोन करत नाही, मीही त्यावरून करत नाही. वापर नसला तर ९० दिवसांनी नंबर बंद पडू शकतो, म्हणून मी त्याला रिचार्जचा नैवेद्य दाखवत असते. का, तर नाशिकला बाबांच्या बँक खात्याचे ओटीपी त्यावर येतात. कृष्णाकाठचा, तुमची आई सकाळी साडेअकराला अकरा वेळा फोन करते. माझे बाबा तेव्हा करतात तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. "झोपली होतीस का गं? काही आलंय का बघ." मी अंधारात खण उघडते, चष्म्याशिवाय सहा आकडे वाचते, तोवर वेळ संपलेली असते. "परत पाठवा म्हण बाबा." परत येतो. तोही वाचते. मग झोप लागत नाही ते वेगळंच.

यूपीआय आता इथल्या नंबरावर एनआरआय खात्यांसाठी चालतं, अमेरिकेसह काही देशांत ती सोय आहे. पण ते माझ्या खात्याचं झालं. बाबांच्या खात्याचं काय?

---

वारणेकडचा | सकाळी ८.०५

विषयाला थोडं वळण देतो, रागावू नका.

आमच्या भागात हा प्रयोग मोबाइलच्या आधी झालेला आहे. १९९८ साली 'वारणा वायर्ड व्हिलेज' म्हणून योजना आली. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला वारणा कारखाना मध्यभागी, आणि कोल्हापूर-सांगलीतली भोवतालची ७० गावं. गावोगावी संगणक बसवायचे, शेतकऱ्यानं तिथं जाऊन बाजारभाव बघायचे, जमिनीचे उतारे काढायचे, जगाशी जोडायचं, असा बेत होता. दिल्लीहून माणसं बघायला यायची.

प्रत्यक्षात आमचे वडील तिथं एकाच कामाला जायचे. ऊस किती टन गेला, वजनाची पावती, खताची उचल किती, बिल कधी. बाकी जगाशी जोडणं वगैरे राहिलं बाजूला. संगणकासमोर एक ऑपरेटर पोरगा बसायचा. तो नसला की कुलूप. तो असला आणि वीज नसली की तो नुसताच बसलेला.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी काही गावांत संगणक काढून मोबाइल लावला. शेतकऱ्यानं आपल्या साध्या फोनवरून एसएमएस टाकायचा, उत्तरात त्याचाच आकडा यायचा. वडिलांना एसएमएस लिहिता यायचा नाही, तो मी लिहायचो. पण उत्तर त्यांच्या खिशात यायचं. रात्री जेवल्यावर फोन काढून परत परत बघायचे. टनेज काही रात्रीत वाढत नाही, तरी बघायचे. ऑपरेटरच्या टेबलासमोर उभं राहून जे विचारायला लाजायचे ते आता कोणाला विचारायची गरज नव्हती.

म्हणून शहाणेंना सांगतो, स्मार्टफोनच पाहिजे असं नाही. बटणांचा फोन पुरतो. नंबर तेवढा ज्याचा त्याचा पाहिजे.

---

उंटावरचा_शहाणा | सकाळी ८.३१

मला एकट्याला धरून झोडपताय ते चालू द्या. दुसरी बाजू सांगतो.

माझ्या वडिलांच्या बँकेचा नंबर माझाच आहे आणि मी तो बदलणार नाही. त्यांना मेसेज आला होता, मागचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरावर फोन करा. वडील आयुष्यभर बिल वेळेवर भरणारे. वीज तुटणं म्हणजे त्यांच्या लेखी अब्रू जाणं. लावला फोन. पलीकडचा अगदी अदबीनं बोलला, एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले, कार्डाचा नंबर घेतला. पुढचा ओटीपी आला माझ्या फोनवर, रक्कम ९८ हजार. मी तेव्हा लोकलमध्ये, दादर सोडलं होतं. तो ओटीपी वडिलांच्या फोनवर आला असता तर त्यांनी आदरानं वाचून दाखवला असता. 'साहेब' म्हणून.

तेव्हा ज्याचा नंबर त्याच्याकडे वगैरे ऐकायला छान आहे.

---

मास्तर_७४ | सकाळी ९.२०

शहाणे, तुमच्या वडिलांचे पैसे वाचले याचा आनंद आहे. त्यानंतर तुम्ही त्यांना काय शिकवलंत?

आयडीतला आकडा माझं वय आहे, म्हणजे मी या धाग्यावरच्या 'आई-वडील' पार्टीतला. तिकडून कसं दिसतं ते सांगतो. आम्ही मुलांना विचारतो, "हे कसं करायचं?" मुलगा म्हणतो, "द्या इकडे." फोन हातातून जातो, दोन मिनिटं त्याचा अंगठा असा फिरतो की काही दिसत नाही, आणि फोन परत येतो. "झालं." झालं खरं, पण मला काय आलं? छत्तीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं. फळ्यावर उत्तर लिहून "झालं" म्हणालो असतो तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जायचं, रांग लावायची, साहेबांसमोर उभं राहून जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, अंगठा लावायचा. माझा अंगठा लागेना. खडू धरून धरून गुळगुळीत झालाय असं आमची ही म्हणते. मशीनवाला पोरगा बोट पुसतोय, दाबतोय, परत पुसतोय. तीन वर्षं हा खेळ. मग चेहरा दाखवून करायची सोय आली. नातीनं मला बसवून शिकवलं. तिनं फोनला हात लावला नाही, नुसती बोलत राहिली, "आता खाली बघा आबा, निळं बटण." चाळीस मिनिटं लागली. शेवटी स्क्रीन म्हणते डोळे मिचकवा. मी मिचकावले तर म्हणते परत. आमची ही पाठीमागून हसतेय. पण झालं, आणि पुढच्या नोव्हेंबरात माझं मी केलं. शेजारच्या दोघांचंही केलं.

नात अकरा वर्षांची आहे. "द्या इकडे" म्हणायची घाई अजून तिला नाही.

---

कृष्णाकाठचा | सकाळी १०.०२

मास्तर, तुमचं वाचून एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो. लिहितो.

आईच्या खात्याचे मेसेज मला येतात म्हणजे जमा आणि खर्च, दोन्ही मला दिसतात. मागच्या दिवाळीच्या आधी तिनं तीन हजार काढले. मेसेज आला तसा मी सहज फोन केला, "कशाला काढलेस गं?" माझ्या मनात खरंच काही नव्हतं. दुखणंखुपणं तर नाही ना, एवढंच. ती थांबली आणि म्हणाली, "लागलं हुतं." विषय तिथंच राहिला.

नंतर बहिणीकडून कळलं की तिनं ते धाकट्या मावशीला दिले होते. मावशीशी आमच्या घराचं वडिलांच्या वेळेपासून फारसं नाही. आईला ते मला सांगायचं नव्हतं. त्याला कारण होतं आणि तो तिचा हक्क होता. पण तिच्या खात्यातून पैसे निघाले की पुण्यात माझा फोन टिंग करतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून ती पेन्शन आली की सगळीच्या सगळी एकदम काढते आणि तांदळाच्या डब्यात ठेवते. मी विचारलं तर म्हणते, एटीएमला सारखं कोण जाणार. मला तेही खरं वाटलं होतं.

---

बूथवाला | सकाळी १०.१५

मी हेच म्हणत होतो. केबिनला निदान काच होती.

---

सड्यावरची | दुपारी १.४०

तुमच्या सगळ्यांकडे निदान रेंज आहे!

आमची वाडी देवगडच्या आतल्या अंगाला, खाली खाजणात. घरात टॉवरची एक काडी येते आणि जाते. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जांभळीखाली दोन काड्या. गावात कोणी दिसलं नाही तर "खंय गेलो?" याचं उत्तर ठरलेलं, "सड्यार, रेंज गावता काय बघूक." कोविडच्या वर्षी मुलांची शाळाच त्या जांभळीखाली भरायची, पावसात छत्र्या घेऊन.

ई-पीक पाहणीचं ऐका. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. आपल्या गटात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो घ्यायचा, फोनला जागा कळते, नोंद सातबाऱ्यावर चढते. कल्पना मला पटते. पूर्वी बागेत कलमं हापूसची आणि सातबाऱ्यावर गवत पड, असं वर्षानुवर्षं चालायचं. आता मालक आपल्या हातानं नोंद करतो. पण मालक कोण? आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातली नऊ मुंबईत, दोन बडोद्यात. राहिलेल्या तिघांत स्मार्टफोन माझ्याकडे. एका मोबाइलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद चालते, म्हणून अख्ख्या वाडीची पाहणी मीच करते. बागेत फोटो काढायचा, मग सड्यावर चढायचं, पाठवायचा. चार दिवस जातात. पैसे घेत नाही, पण फणस-कोकम घरपोच येतं. म्हणजे मीही पी.पी.च की!

आणि एक राहिलंच. "ओटीपी कुणालाही सांगू नका" हे आपणच म्हाताऱ्यांना घोकून घोकून शिकवलं. आता गॅसवाला दारात येऊन म्हणतो, "आजी, कोड सांगा." माझ्या सासूबाईंनी एकदा ठणकावून सांगितलं, "माझ्या झिलान सांगितल्यान, कोणाक सांगू नको." सिलिंडर परत गेला. चूक कोणाची सांगा.

---

उंटावरचा_शहाणा | दुपारी १.५५

सासूबाईंची नाही. 😄

---

सेवाकेंद्र_ताई | दुपारी ३.१०

यावर मी बायकांना जे सांगते ते लिहिते. पुस्तकी नाही, पण चालतं.

वस्तू आपण मागवली असेल आणि माणूस ती घेऊन दारात उभा असेल, तर वस्तू आत घ्यायची, बघायची, मग कोड सांगायचा. माणूस दारात नसून नुसता फोनवर असेल, तर तो कलेक्टर असो का पोलीस, कोड सांगायचा नाही, फोन ठेवून द्यायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की समजायचं आपल्याकडून जाणारेत. आणि गेलेच, तर लाजून घरात बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा. लाजेपायी बायका दोन-दोन दिवस सांगत नाहीत, तोवर पैसा चार खात्यांतून फिरलेला असतो.

शहाणे, तुमच्या वडिलांसाठी एक मधला रस्ता आहे. मोठी रक्कम असते ते खातं तुमच्या नंबरावर राहू द्या. दुसरं एक छोटं खातं, महिन्याच्या खर्चापुरतं, त्यांच्या स्वतःच्या नंबरावर. बुडालं तर तेवढंच बुडेल, पण चहाच्या टपरीवर ते स्वतः स्कॅन करतील. यूपीआयमध्ये 'सर्कल' म्हणूनही सोय आहे, २०२४ पासून. खातं तुमचं, खर्च ते करणार, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार. पण मला विचाराल तर त्यांचं खातं त्यांचंच बरं. तांदळाच्या डब्याचं वाचलंत ना वर?

कृष्णाकाठचा, गॅसचा नंबर एजन्सीत बदलून मिळतो, गॅसचं पुस्तक आणि आधार घेऊन जा. आधारचा नंबर बदलायला मात्र आईंना स्वतः केंद्रावर न्या, तिथं बोटांचे ठसे घेतात. सकाळी लवकर जा, आणि जायच्या आधी हाताला थोडं खोबरेल लावून पुसून घ्या. रापलेल्या हातांचे ठसे त्यानं बरे उमटतात असा माझा अनुभव.

---

टेबलखणातलं_सिम | रात्री ८.४५

ताई, खोबरेल! हे कुठल्याच मदत पानावर सापडलं नसतं.

बाबांशी बोलले. ते म्हणाले, "मग तू रात्री फोन उचलणार नाहीस का?" मला वाटलं होतं त्यांना ओटीपी हवा असतो. आता काय करावं कळत नाहीये.

---

मास्तर_७४ | रात्री ९.०५

नंबर बदला. फोन उचलत राहा.

---

कृष्णाकाठचा | पुढच्या सोमवारी, रात्री ९.५०

शुक्रवारी रात्रीच गावी गेलो. उशीर झाला लिहायला, माफ करा.

शनिवारी एजन्सीत दहा मिनिटांत काम झालं. गॅसचा नंबर आता आईचा. आधारचं झालं नाही. खोबरेल लावूनही एका हाताची बोटं उमटेनात, केंद्रावरचा मुलगा म्हणाला पुढच्या महिन्यात नवं मशीन येतंय, परत या. बँकेत अर्ज दिलाय. तिथल्या बाईंनी तीनदा विचारलं, "नक्की आईंचाच नंबर टाकायचा ना? तुमचाच बरा नाही का?"

मग रविवारी आईला मेसेज वाचायला शिकवायला बसलो. तेव्हा कळलं की अडचण फोनची नाहीच. मेसेज इंग्रजीत, आणि त्यात आकडे चार ठिकाणी. ग्राहक क्रमांक, बुकिंग क्रमांक, हेल्पलाइन, आणि कुठेतरी मधे तो कोड. मी सांगत होतो "ते अमुक शब्द बघ, त्याच्या पुढचा." तिला तो शब्द काही ओळखता येईना. माझ्या तोंडावर दोनदा "दे इकडे" आलं, मास्तर, शप्पथ. हात मांडीखाली दाबून बसलो.

तिनं मी फॉरवर्ड केलेले जुने चार मेसेज काढायला लावले. चष्मा लावून एकेक बघितला. मग म्हणाली, "सगळ्यात आखूड आकडा त्यो कोड. हाय का न्हाई?" मी चारही तपासले. बरोबर होतं. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं कारण मला वाचता येतं.

आज टाकी आली. दुपारी बारा दहाला तिचा फोन, एकच. "आला. सांगिटला. टाकी आत घिऊन मग सांगिटला." माझा फोन आज उताणा होता.

संध्याकाळी परत फोन. ज्यांच्या चुलीवर त्या दिवशी स्वयंपाक झाला त्या काकूंचा मुलगा दुबईला असतो, त्यांच्या गॅसचा नंबर त्याचाच होता. आज त्या एजन्सीत गेल्या आणि आईचा नंबर लावून आल्या. वस्तीतल्या अजून एक जणीचा बेत आहे म्हणे.

---

बूथवाला | रात्री १०.०२

वा! निरोपाचे दोन रुपये घेतात का विचारा.

---

कृष्णाकाठचा | रात्री १०.२०

विचारलं. म्हणाली, पैसं कशाला, टाकी लागली की पयला च्या तिच्याकडं.